टवक्याचं बिऱ्हाड

डॉक्टरीणबाईंचा सगळा जन्म लोकांना ‘आ करा’ म्हणण्यात गेला. दातांचा दवाखाना घराच्याच पुढच्या खोलीत. चहाचा कप ठेवून उठलं की दवाखाना, शेवटचा पेशंट गेला की घर. गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या दाढा त्यांनी उपटलेल्या, उरलेल्यांच्या वाचवलेल्या. मग एक दिवस एका शाळामास्तरांच्या हिरडीत सुई घालताना त्यांचा उजवा हात थरथरला. थोडासाच. मास्तर डोळे घट्ट मिटून बसले होते, त्यांना पत्ताही लागला नाही. बाईंना लागला.

तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की जिवाला धोका नाही, पण थरथर राहील. कमीजास्त होईल, जाणार नाही. बाईंनी त्याच महिन्यात दाराची पाटी उतरवली. कोणी समजूत घालायला आलं तर म्हणायच्या, “माझा हात हलतो हे मला ठाऊक असताना तो कोणाच्या तोंडात घालू?”

पण सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न होताच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नोकरीनिमित्त लांब. तिनेच एक दुर्बीण पाठवून दिली. बाईंना आधी रागच आला. हातात धरली की सगळं जग थरथरायचं. मग त्यांनी युक्ती काढली. मागच्या परसात खुर्ची उलटी टाकायची, तिच्या पाठीवर कोपरं टेकवायची आणि बघायचं. पहिले काही दिवस नुसते कावळेच दिसले. मग दयाळ दिसला, पानं शिवून घरटं करणारा शिंपी दिसला, पेरूच्या झाडावर भांडणारे बुलबुल दिसले. एकदा डोळा बसल्यावर परस पुरेना. परसाच्या मागच्या फाटकातून एक पायवाट ओढ्याच्या कडेकडेने तळ्यापर्यंत जायची. बाई रोज सकाळी त्या वाटेने जाऊ लागल्या. खंड्या कुठल्या दगडावर बसतो, मुंगूस कुठल्या बिळातून डोकावतं, हे त्यांना आता पेशंटांच्या दाढांइतकं पाठ झालं.

शेजारच्या घरात त्यांचे धाकटे दीर राहायचे. भाऊजी रंगारी. गावातल्या कितीतरी भिंतींना त्यांचा हात लागलेला. दोन वर्षांपूर्वी परांचीवरून पडले, पाय मोडला, तेव्हापासून लंगडत चालायचे आणि जाऊबाईंनी त्यांना शिडीच्या जवळही फिरकू द्यायचं नाही असा चंग बांधला होता. दोन्ही परसांमध्ये कमरेएवढी भिंत होती. भाऊजी रोज तिच्यावर चहाचा कप ठेवून विचारायचे, “काय वहिनी, आज कोण कोण पेशंट येऊन गेले?”

त्या वर्षी परसातल्या जुन्या शिरीषावर धनेशाची जोडी आली. घारीएवढे करडे पक्षी, लांब शेपट्या, आणि चेहऱ्याला न शोभणारी भलीमोठी वाकडी चोच. शिरीषाच्या खोडात, पहिल्या मजल्याच्या खिडकीइतक्या उंचीवर, एक जुनी ढोली होती. दोघांनी तिची कितीतरी दिवस पाहणी केली. शेवटी मादी आत शिरली आणि आतून दार लिंपायला लागली. नर बाहेरून माती पुरवायचा, ती आपल्या विष्ठेत कालवून थापायची. सगळं बुजलं, फक्त एक उभी फट राहिली, जेमतेम चोच बाहेर येईल एवढी.

“लिंपण छान जमलंय,” भाऊजी भिंतीवर रेलून म्हणाले. “पण स्वतःलाच कोंडून घेतलं की हिने.”

“बाळंतपण व्हायचंय तिचं,” बाई म्हणाल्या. “आत गेली की पंखांची मोठी पिसं गळतात. अंडी घालणार, उबवणार, पिल्लं वाढवणार. तोवर तिचं खाणंपिणं सगळं याच्याकडे.”

“म्हणजे कमावता एकटाच.”

“एकटाच.”

नराच्या वरच्या चोचीला डाव्या कडेवर एक टवका उडालेला होता. अशी खोट बाईंच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी त्याचं नाव टवक्या ठेवलं. टवक्या दिवसभर खेपा घालायचा. उंबराची फळं गळ्यात साठवून आणायचा, खोडाला चिकटून बसायचा, चोचीने दोनदा टकटक करायचा. मग फटीतून बाळंतिणीची चोच बाहेर यायची आणि तो एकेक फळ घशातून वर काढून तिला भरवायचा. कधी नाकतोडा, कधी सरडुला. काही आठवडे गेले आणि आतून बारीक चिरका आवाज यायला लागला. पिल्लं निघाली होती. त्या दिवशी बाईंनी भाऊजींना आणि जाऊबाईंना चहाला बोलावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी, पायवाटेवर विजेच्या तारांखाली गवतात बाईंना करडी पिसं दिसली. त्या जवळ गेल्या. पक्षी पालथा पडला होता, अंग अजून पुरतं ताठलेलं नव्हतं. त्यांनी हलक्या हाताने मान फिरवली आणि वरची चोच पाहिली. डाव्या कडेला टवका होता.

बाई तिथेच गवतात बसल्या. वाटेवरून धावायला निघालेले दोघंतिघं त्यांच्याकडे बघत पुढे गेले. टवक्यासाठी वाईट वाटायला वेळ नव्हता, हे त्यांना बसल्याबसल्याच कळलं. झाडात कोंडलेली एक आई होती, तिला उडता येत नव्हतं, आणि तिच्या पोटाशी पिल्लं होती. त्या उठल्या आणि जवळजवळ पळतच घरी आल्या.

वनखात्यात फोन लावला. तासाभरात तिथली बाई जीप घेऊन आली. तरुण, शांत, पायात चिखलाचे बूट. दर रविवारी तळ्यावर लोकांना पक्षी दाखवायची तीच. तिने वाटेवर टवक्याला पाहिलं, मग परसात येऊन दुर्बिणीतून फट पाहिली. आतली चोच हलत होती.

“दोन वाटा आहेत, डॉक्टर,” ती म्हणाली. “एक, दार फोडून सगळ्यांना आमच्या केंद्रात न्यायचं. पिल्लं फार लहान आहेत, हलवण्यात दगावतील असं मला वाटतं. दुसरी, त्यांना आहेत तिथेच खायला घालायचं. ती आपल्या हातून घेईल की नाही, हे मात्र मी सांगू शकत नाही. घाबरून दार फोडून बाहेर पडली, तर सगळंच संपलं.”

“घेतलं तर?”

“घेतलं तर पिल्लं जगतील. पण दिवसभर घालावं लागेल. रोज. महिनाभर तरी. माझ्याकडे तेवढी माणसं नाहीत.”

“मी आहे की,” बाई म्हणाल्या. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो नेहमीसारखा हलत होता.

पहिला प्रयत्न भाऊजींच्या डोक्यातून निघाला. छताला रंग द्यायचा त्यांचा लांब दांडा होता. त्याच्या टोकाला त्यांनी तारेने चमचा बांधला, त्यात उंबर ठेवलं. भाऊजींची नजर आता लांबचं धरेना, म्हणून दांडा बाईंनी घेतला. मुठीतली एवढीशी थरथर वरच्या टोकाला पोचेपर्यंत वीतभर झाली. चमचा फटीच्या डावीकडे, मग उजवीकडे, मग फळ खाली. दुसरं फळ खाली. जाऊबाई मुकाट्याने ती गोळा करून परत देत राहिल्या. डझनभर फळं मातीत पडल्यावर बाईंनी दांडा भिंतीला टेकवला.

“नाही जमणार,” त्या म्हणाल्या.

भाऊजींनी बराच वेळ झाडाकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग पुन्हा झाडाकडे.

“शेडमध्ये लोखंडी परांची आहे,” ते म्हणाले.

“तुम्ही वर चढलात तर खाली उतरल्यावर या घरात येऊ नका,” जाऊबाई म्हणाल्या.

“मी कशाला चढू? मी नुसती उभी करतो. चढायच्या त्या वहिनी.”

जाऊबाईंनी थोरल्या जावेकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडेपर्यंत परांचीचे दोन पाइप जोडून झाले होते.

भाऊजींनी ती उभी केली ती मात्र पाहण्यासारखी. पायांखाली फळ्या, चारी बाजूंनी ताणलेले दोर, वर कमरेएवढा कठडा, चढायला रुंद पायऱ्या. स्वतः खालून सगळे सांधे हलवून पाहिले. “माझ्या वेळेला हे एवढं केलं असतं तर पाय मोडला नसता,” ते म्हणाले आणि बाजूला झाले.

बाई चढल्या. ढोलीच्या समोर बसल्या. आतल्या वासाने नाक भरून गेलं. फटीच्या मागे अंधारात एक डोळा चमकला, तांबूस, न मिटणारा. बाईंनी दवाखान्यातला टोकाला वाकडा असलेला लांब चिमटा आणला होता. त्यात उंबर धरून हात पुढे केला आणि हात थरथरू लागला. चिमट्याचं टोक फटीच्या कडांवर खडखड वाजलं. आतून चोच सपकन बाहेर आली आणि चिमट्यावर आदळली. फळ खाली गेलं.

बाईंनी हात मागे घेतला.

दवाखान्यात नव्याने शिकायला येणाऱ्या पोरींना त्या पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायच्या: हात हवेत ठेवायचा नाही. अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची, तिच्या आधाराने बाकीची बोटं चालवायची. स्वतः त्यांनी आयुष्यभर तसंच केलं होतं. इथे शेजारचा दात नव्हता, पण शिरीषाची जाड खरबरीत साल होती. त्यांनी अनामिका आणि करंगळी सालीच्या एका भेगेत रोवली, मनगट खोडाला टेकवलं. थरथर पुरती थांबली नाही, पण बोटांच्या पलीकडे गेली नाही. चिमट्याचं टोक फटीसमोर येऊन उभं राहिलं.

चोच आली नाही. आतला डोळा मागे सरला. बाई थांबल्या. घाबरलेल्या पोरांना खुर्चीत बसवून त्यांनी हजारदा हेच केलं होतं. घाई केली की तोंड मिटतं. त्या नुसत्या बसून राहिल्या आणि टवक्या कसा यायचा ते आठवू लागल्या. पंखांचा आवाज. खोडाला चिकटणं. आणि मग...

त्यांनी चिमट्याच्या मागच्या टोकाने फटीशेजारी दोनदा वाजवलं. टक, टक.

आत हालचाल झाली. बाईंनी चिमटा पुढे केला. चोच बाहेर आली, या वेळी सावकाश, थोडीशी उघडलेली. तिने उंबर उचललं आणि आत नेलं. लगेच आतून पिल्लांचा कलकलाट उठला.

बाईंनी खाली पाहिलं. भाऊजी परांचीचा पाय दोन्ही हातांनी धरून उभे होते, जाऊबाईंनी दोन्ही हातांनी भाऊजींना धरलं होतं, आणि वनखात्याची बाई तोंडावर हात ठेवून हसत होती.

“आणखी द्या,” बाई म्हणाल्या. “पेशंटला भूक आहे.”

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं वेळापत्रक बाळंतिणीच्या हाती गेलं. उजाडलं की बाई वर. चहा वर, नाश्ता वर, वर्तमानपत्रही वर. तळ्याच्या वाटेवरच्या उंबराखाली भाऊजी लंगडत जायचे आणि पिशवी भरून आणायचे. वनखात्याची बाई म्हणाली होती की पिल्लांना नुसती फळं चालणार नाहीत, किडेही हवेत. ते काम जाऊबाईंवर आलं. आयुष्यभर झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी ती बाई आता चहाची गाळणी घेऊन गवतात नाकतोड्यांच्या मागे धावू लागली. “कोणाला सांगू नका,” ती पहिल्या दिवशी म्हणाली. चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःच गल्लीभर सांगून आली.

मग गल्ली आली. कोपऱ्यावरचा शिवणकाम करणारा पपई घेऊन आला. ज्या शाळामास्तरांच्या हिरडीपाशी बाईंचा हात पहिल्यांदा हलला होता ते मास्तर पाल घेऊन आले, डब्यात, झाकण घट्ट लावून. भिंतीपलीकडे खुर्च्या मांडल्या गेल्या. लोक कुजबुजत बोलायचे, जणू आत खरंच कोणी बाळंतीण निजली होती. मास्तर एकदा खालून म्हणाले, “बाई, तुम्ही दवाखाना उगाच बंद केलात.”

“तुमच्या तोंडात झाडाची साल असती तर नसता केला,” बाई वरून म्हणाल्या.

सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. बाईंची पाठ धरली. एक दिवस इतका वारा सुटला की परांचीवर थांबणं अशक्य झालं, आणि अर्धा दिवस पिल्लं उपाशी ओरडत राहिली. तो आवाज ऐकत बाई मागच्या दारात येरझाऱ्या घालत होत्या. एकदा घोरपड खोडावर चढताना दिसली, तेव्हा भाऊजींनी रंगाच्या पिंपाचा पत्रा वाकवून खोडाभोवती गुंडाळला, म्हणजे नखं रोवायला जागा उरली नाही. पण पिल्लांचा आवाज रोज जाड होत होता. एका फळासाठी आत तीन चोची भांडायच्या. बाळंतीण आता चिमटा पाहून मागे सरत नव्हती. बाईंना उशीर झाला, तर तीच आतून टकटक करायची.

मग एक सकाळ उजाडली, बाई परसात आल्या आणि दाराशीच थांबल्या. लिंपण फुटलं होतं. फटीच्या जागी मोठं भगदाड, खाली मातीचे तुकडे, आणि त्यात दोन-तीन करडी पिसं. भगदाडात कोणी दिसत नव्हतं. आवाजही नव्हता.

“घोरपड,” भिंतीवरून भाऊजी म्हणाले. “पत्र्याच्या वरून गेली. फांदीवरून आली असणार.”

उंबरांची पिशवी आणि चिमटा घेऊन बाई पायऱ्या चढू लागल्या. ढोलीसमोर येऊन त्यांनी आत पाहिलं.

आत दोन पिल्लं होती. तिसरं त्यांच्या मागे. डोळे टक्क उघडे, पंखांची नवी पिसं अजून अर्धी नळीत. पुढच्या पिल्लाच्या चोचीत ढोलीतलाच ओला चिखल होता. ते भगदाडाच्या कडेवर चोच आडवी फिरवत, थापत, लिंपत होतं. दुसरं त्याला खालून माल पुरवत होतं. एवढीएवढीशी पोरं, आईने फोडलेलं दार पुन्हा बुजवत होती.

“भाऊजी,” बाई हळूच म्हणाल्या. “सगळी आहेत. दार लावून घेतायत.”

“आणि आई?”

त्याच वेळी जाऊबाईंनी नवऱ्याच्या दंडाला धरून घराच्या छपराकडे बोट दाखवलं. पाण्याच्या टाकीच्या कडेवर ती बसली होती. चुरगळलेली, मळकी, शेपटी आतल्या जागेत बसूनबसून वाकडी झालेली. पण गळलेली पिसं पुन्हा आली होती, पंख पुरे होते. तिने एक पंख पसरला, मग दुसरा, जणू आपलेच आहेत ना याची खात्री करून घेत होती. मग टाकीवरून झेपावली. पहिल्यांदा फारच खाली आली. पेरूच्या शेंड्याला पोट घासलं. मग पंखांनी हवा धरली आणि ती फाटकावरून, पायवाटेवरून, सरळ तळ्याकडच्या उंबराच्या दिशेने गेली.

कोणी जागचं हललं नाही. थोड्या वेळाने ती परत आली. गळा फुगलेला. खोडाला चिकटून बसली, दोनदा टकटक केली, आणि बाईंपासून हातभर अंतरावर, त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता, आपल्या पोरांना एकेक उंबर भरवू लागली.

चिमट्यात धरलेलं फळ बाईंच्या हातात तसंच राहिलं. ते त्यांनी स्वतःच्याच तोंडात टाकलं. चावल्यावर कळलं की त्यात किडे होते, पण थुंकायला खाली लोक उभे होते, म्हणून गिळलं.

वनखात्याची बाई दुपारी आली तेव्हा तिला सगळ्यांनी एकदमच सांगायला सुरुवात केली, त्यामुळे तिला काहीच कळेना. मग तिने स्वतः दुर्बीण लावली आणि बराच वेळ काढली नाही. “परांची राहू द्या,” ती शेवटी म्हणाली. “तीन पोरांना एकटी पुरी पडेलच असं नाही.” त्यामुळे पुढचे काही दिवस दोघींनी वाटून घेतले: सकाळ-संध्याकाळ आई, भर दुपारी डॉक्टरीणबाई. धनेशीण एखादे वेळी समोरच्या फांदीवर बसून बाईंचं काम संपायची वाट बघायची. “बघा, कशी सासूसारखी देखरेख करतेय,” जाऊबाई म्हणाल्या.

पिल्लं बाहेर पडली ती एका स्वच्छ सकाळी. मोठ्या पिल्लाने दार फोडलं, कडेवर बसलं, खाली पाहिलं आणि पुन्हा आत गेलं. मग आई समोरच्या फांदीवर उंबर घेऊन बसली आणि हाका मारू लागली. दिलं मात्र नाही. मोठं निघालं. धडपडत फांदीवर पोचलं आणि फळ मिळालं. दुसरं त्याच्या मागोमाग. धाकटं मात्र दुपारपर्यंत कडेवर बसून सगळ्या गल्लीला ताटकळत ठेवून होतं. मास्तर शाळेत गेले नाहीत. शिवणकाम करणाऱ्याने दुकान उघडलं नाही. भाऊजी चहाचा कप तिसऱ्यांदा गार करून बसले होते.

“उडी मारायला एवढा विचार लागत नाही,” ते पुटपुटले.

“तुम्हाला लागायला हवा होता,” जाऊबाई म्हणाल्या.

तेवढ्यात ते निघालं. भावंडांच्या फांदीकडे गेलंच नाही; वारा घेऊन परस ओलांडलं, भिंत ओलांडली, फाटक ओलांडलं. भिंतीपलीकडच्या खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या. सगळे फाटकाकडे धावले, आणि सगळ्यांच्या पुढे भाऊजी, लंगडा पाय विसरून. डॉक्टरीणबाई धावल्या नाहीत. त्या परांचीवर होत्या, सगळ्यात उंच, आणि तिथून त्यांना ओढ्याच्या वरून जाणारं ते करडं पिल्लू तळ्याच्या पाण्यापर्यंत दिसत राहिलं.

“कुठे गेलं, वहिनी?” भाऊजींनी पायवाटेवरून ओरडून विचारलं.

“तळ्याकडे,” बाई म्हणाल्या. “चला, मीही येतेय.” आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या.